विश्लेषण : घोड्याला किती वजन ‘जड’ होते?

माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी... सुट्टीत थंड हवेच्या ठिकाणी गेले की घोड्यावरची एक फेरी ठरलेली. आणि एखादी स्थूल व्यक्ती घोड्याकडे वळली की आजूबाजूचा हशाही ठरलेला. ‘बिचाऱ्या घोड्याचा तरी विचार करा’ हा शेरा बहुतेक वजनदार माणसांनी कधी ना कधी ऐकलेला असतो. पण घोड्याला जड कोण होते, हे माणसाच्या पोटाच्या घेरावरून ठरत नाही. ते घोड्याच्या वजनावरून ठरते. हा हिशेब नीट मांडला, तर हसणाऱ्यांपैकीही बरेच जण त्या टट्टूसाठी ‘जाड’ ठरतात.

वीस टक्क्यांचा नियम काय आहे?

स्वार, खोगीर आणि इतर सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त भार त्याच्या पाठीवर नसावा, हा जगभर सर्वाधिक सांगितला जाणारा ठोकताळा. अमेरिकी घोडदळाच्या १९२० च्या अश्व व्यवस्थापन पुस्तिकेत तो आढळतो. घोडदळाला हा प्रश्न भूतदयेपोटी पडलेला नव्हता. पाठीला जखमा झालेला घोडा मोहिमेत निरुपयोगी ठरतो आणि त्याच्यासोबत स्वारही पायी येतो, हे लष्कराला अनुभवाने ठाऊक होते.

या नियमाने ५०० किलोच्या घोड्यावर १०० किलो भार चालतो. खोगीर, गादी, लगाम यांचे दहा किलो वजा केले, तर स्वारासाठी ९० किलो उरतात. कपडे, बूट, पाठीवरची सॅक हे सगळे त्यातच आले. घोडा स्वतःच लठ्ठ असेल, तर त्याच्या प्रत्यक्ष वजनाचे नव्हे, तर सुदृढ असताना असायला हवे त्या वजनाचे २० टक्के धरायचे. चरबी भार उचलत नाही. ती स्वतःच एक भार असते.

प्रयोगांत काय दिसले?

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. आठ घोड्यांना त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार देऊन व्यायाम करायला लावला. पंधरा आणि वीस टक्क्यांपर्यंत फारसा फरक दिसला नाही. पंचवीसला हृदयाचे ठोके वाढलेले राहिले आणि पाठीचे स्नायू दुखरे, ताठर झाले. तिसाव्या टक्क्याला त्रास स्पष्टच होता. ज्या घोड्यांची कंबर रुंद आणि नळीचे हाड जाड होते, त्यांचे स्नायू तुलनेने कमी दुखले. घोडेबाजारातले जाणकार जनावराची नळी हाताने चाचपून पाहतात, त्याला प्रयोगशाळेने दिलेला हा दुजोरा म्हणायचा.

ब्रिटनमधील न्यूमार्केट येथे २०१८ मध्ये झालेला प्रयोग मात्र अधिक बोलका आणि अधिक गैरसमज झालेला. सहा घोडे आणि चार अनुभवी स्वार. स्वारांची वजने सुमारे ६१, ७८, ९१ आणि १४२ किलो; घोडे ५०० ते ६०० किलोंचे. सर्वांना ठरावीक चालींत जास्तीत जास्त अर्धा तास रपेट करायची होती. दोन जास्त वजनाच्या स्वारांच्या चाचण्या अर्ध्यावर थांबवाव्या लागल्या, कारण घोडे तात्पुरते लंगडू लागले. ‘जाड माणसे घोड्यांना लंगडे करतात’ असा त्याचा सोपा अर्थ अनेकांनी काढला.

पण आकडे नीट पाहिले तर वेगळेच दिसते. १४२ किलोच्या स्वाराचा भार घोड्याच्या वजनाच्या २३ ते २७ टक्क्यांच्या दरम्यान होता; तिथे त्रास होणे अपेक्षितच होते. ९१ किलोच्या स्वाराचा भार मात्र १५ ते १८ टक्केच होता. म्हणजे वीस टक्क्यांच्या नियमात तो आरामात बसत होता, तरीही घोडे लंगडले. एक महत्त्वाचे कारण खोगिराचे. ते घोड्याच्या पाठीला जुळवलेले होते, पण जास्त वजनाच्या उंच स्वारांना त्याची बैठक अपुरी पडत होती. ते खोगिराच्या मागच्या कडेवर बसत होते आणि भार पाठभर पसरण्याऐवजी मागे एका जागी एकवटत होता.

मग टक्केवारी निरुपयोगी?

निरुपयोगी नाही, पण अपुरी. घोड्याच्या पुढच्या पायांना माणसासारखे गळपट्टीचे हाड नसते. त्याचे धड पुढच्या दोन पायांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेले असते. बरगड्यांच्या अठरा जोड्या पाठीला जिथवर आधार देतात, तिथवरच खोगीर असावे. त्यामागची कंबर म्हणजे आधार नसलेला पूल. मोठ्या बैठकीचे खोगीर हवे म्हणून ते मागे कंबरेपर्यंत नेले, तर स्वाराची सोय होते आणि घोड्याची पाठ जाते. म्हणूनच वजनदार स्वारासाठी योग्य घोडा शोधताना उंचीपेक्षा पाठीची ठेवण आधी पाहतात.

यातून आणखी एक समज मोडतो. जाड माणसाला जाड घोडा द्यावा, असे वाटते. शायर किंवा क्लाइड्सडेलसारखे अवजड घोडे टनाच्या आसपास भरतात. पण त्यांची घडण ओढण्यासाठी आहे, पेलण्यासाठी नाही. वजनाच्या प्रमाणात पाहिले तर आखूड पाठीचे, जाड हाडांचे लहान घोडे अनेकदा सरस ठरतात. आइसलँडमध्ये लहान चणीच्या घोड्यांवर प्रौढ माणसे सर्रास बसतात. तिथल्या घोड्यांवर २० ते ३५ टक्के भार देऊन अभ्यास झाला. थकव्याची मर्यादा सरासरी २३ टक्क्यांच्या आसपास आली, मात्र घोड्याघोड्यांत बराच फरक होता.

शिवाय वजन स्थिर नसते. घोडा दुडक्या चालीने निघाला की प्रत्येक पावलाला स्वाराचा भार क्षणभर त्याच्या वजनाच्या जवळपास दुप्पट होऊन पाठीवर आदळतो. मांड पक्की असलेला, रिकिबीत तालावर उठबस करणारा ८५ किलोचा स्वार आणि पोत्यासारखा हिंदकळणारा ६५ किलोचा नवखा यांत घोडा कोणाला पसंत करेल, हे सांगायला नको.

माथेरानच्या टट्टूचे गणित कसे मांडायचे?

आपल्याकडे पर्यटकांसमोर येणारी जनावरे बहुधा ५०० किलोंची नसतात. डोंगरवाटांवर काम करणारी बरीच टट्टे तेरा हातांच्या म्हणजे साधारण १३० सेंटिमीटरच्या आसपास उंच असतात. भीमा खोऱ्यातल्या भीमथडी तट्टांची उंचीही जवळपास एवढीच. मराठ्यांच्या घोडदळाने याच चणीच्या काटक जनावरांवर लांबच्या मजला मारल्या, पण कमीत कमी सामानासह, आणि स्वारही सडसडीत.

घोड्याला काट्यावर न चढवताही त्याचे वजन काढता येते. पुढच्या पायांच्या लगेच मागे, तंग आवळतात तिथला छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजायची. घेराला घेराने गुणून त्याला लांबीने गुणायचे आणि ११,८८० ने भागायचे. उत्तर किलोत येते. घेर १५० आणि लांबी १४० असेल, तर वजन येते सुमारे २६५ किलो.

या टट्टूचे २० टक्के म्हणजे ५३ किलो. खोगिराचे आठ किलो वजा केले की स्वारासाठी उरतात ४५. म्हणजे शाळकरी मुलगा किंवा मुलगी. पंचाहत्तर किलोचा, कोणीही ‘जाड’ म्हणणार नाही असा गृहस्थ त्यावर बसला, तर खोगिरासह भार ३१ टक्क्यांवर जातो. ओहायोच्या प्रयोगातील कमाल मर्यादेच्याही पुढे! फोटोसाठी त्याने १५ किलोचे मूल पुढ्यात घेतले की ३७ टक्के. हे दृश्य कोणत्याही पॉइंटवर दिसते आणि त्यावर कोणी हसत नाही. हशा फक्त शंभर किलोच्या बाईंच्या वाट्याला येतो.

वाट सपाट नसते, हेही लक्षात घ्यावे लागते. उतारावर भार पुढच्या पायांवर जातो, पावसाळ्यानंतरच्या निसरड्या दगडांवर तोल सावरावा लागतो. आणि फेरी एकच नसते. ‘घोडं मेलं ओझ्यानं, शिंगरू मेलं हेलपाट्यानं’ ही म्हण आपल्याकडे उगाच आलेली नाही. पर्यटनस्थळावरच्या टट्टूच्या वाट्याला ओझे आणि हेलपाटे दोन्ही येतात. घोडेवाल्याने वजनावरून नकार द्यावा, अशी अपेक्षा करणे सोपे आहे. पण हंगामातल्या मोजक्या आठवड्यांवर वर्षभराचा चारा काढायचा असतो आणि नकार म्हणजे बुडालेली फेरी. वजनाची मर्यादा एकट्यादुकट्याने नव्हे, तर साऱ्या तळावर एकच लागू झाली, तरच ती टिकेल.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये जनावरावर कुवतीपेक्षा जास्त भार लादणे आणि स्वारी करून त्याला प्रमाणाबाहेर दामटणे हे दोन्ही गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान १० आणि कमाल ५० रुपये. घोड्याच्या एका फेरीचे भाडेही त्याहून बरेच जास्त असते.

या कायद्याखालील १९६५ च्या नियमांत ओझ्याच्या जनावरांसाठी आकडे दिले आहेत. टट्टूसाठी ७० किलो, खेचरासाठी २००, गाढवासाठी ५०. दिवसभरात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नको आणि तापमान ३७ अंशांपुढे जाते तिथे दुपारी १२ ते ३ काम नको, असेही हे नियम सांगतात. त्यांचा रोख मुख्यतः मालवाहतुकीवर आहे. पण ७० किलोंचे तांदळाचे पोते जिथे कमाल मर्यादा ठरते, तिथे ९० किलोंचा पर्यटक सहज बसवला जातो.

ग्रीसने याबाबत नेमकेपणा दाखवला. सँटोरिनी बेटावर पायऱ्यांवरून पर्यटकांना वर नेणाऱ्या गाढवांची स्थिती जगभर चर्चेत आल्यावर, १०० किलो किंवा जनावराच्या वजनाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त भार देऊ नये, असे तिथल्या सरकारने २०१८ मध्ये स्पष्ट केले.

मग वजनदार व्यक्तीने घोडेस्वारी करूच नये का?

करावी, पण टट्टूवर नाही आणि पॉइंटवरच्या फेरीपासून सुरुवात तर नाहीच. शंभर किलोच्या व्यक्तीला खोगिरासह साधारण ५५० किलोचा, धडधाकट, प्रशिक्षित घोडा लागतो. मारवाडी, काठियावाडी घोडे साडेतीनशे किलोंच्या आसपास असतात, थरोब्रेड साडेचारशे ते पाचशेपर्यंत. म्हणजे आपल्याकडे निवड मर्यादित आहे, आणि ती मोठ्या शहरांतल्या रायडिंग क्लबांत किंवा मोठ्या परदेशी जातींचे घोडे असलेल्या केंद्रांतच शोधावी लागते. ब्रिटनमध्ये ‘जास्त वजन पेलणारा घोडा’ हा स्वतंत्र प्रकार मानला जातो. प्रदर्शनांत त्याचे वेगळे गट असतात. तिथे स्वाराचे वजन हा चेष्टेचा नव्हे, घोड्याच्या निवडीचा विषय आहे.

क्लबला फोन करतानाच वजन सांगितलेले बरे. तिथे पोहोचल्यावर सगळ्यांसमोर नकार ऐकण्यापेक्षा ते दोघांनाही सोयीचे. खोगिरात बसल्यावर मागे थोडी जागा उरते का, ते पाहावे; शरीर मागच्या कडेवर टेकत असेल तर ते खोगीर आपल्यासाठी नाही. रिकिबीत पाय टाकून जमिनीवरून चढताना सारा भार एका बाजूला येतो आणि घोड्याच्या खांद्यामागच्या उंचवट्यावर ताण बसतो. त्यामुळे चढण्यासाठी चौथरा किंवा पायऱ्यांचा ठोकळा वापरावा. खरे तर ही सवय साठ किलोच्या स्वारालाही हवी. पहिले काही आठवडे साधी चाल आणि वीस-पंचवीस मिनिटे पुरे. पोटाचे, मांड्यांचे स्नायू आणि तोल यांवर जमिनीवर मेहनत घेतली, तर काट्यावरचा आकडा तोच राहूनही घोड्याला भार हलका वाटतो.

घोडा आपले म्हणणे सांगतच असतो. तंग आवळताना चावायला येणे, कान मागे पाडणे, शेपूट सतत झटकणे, स्वार बसताच पाठ खाली दबवणे, वारंवार ठेचकाळणे ही पाठदुखीची लक्षणे असू शकतात. ती दिसली तर वजन काहीही असो, उतरावे. आणि टट्टूचे वजन विचारल्यावर घोडेवाल्याला ते सांगता आले नाही, तर शिंप्याचा टेप आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढ्यावर दोन मिनिटांत ते निघते.