नदीमुखातील मत्स्यबीज आणि त्यावरील ताण

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस गोव्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा काळ निर्वेध जावा, हा त्यामागील हेतू सर्वश्रुत आहे. परंतु अंड्यातून बाहेर पडलेल्या जिवांचे पुढे काय होते, इकडे सहसा लक्ष जात नाही.

शेवटे व बहुतेक जातींची कोळंबी समुद्रात विते; चोणक नदीमुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात अंडी घालतात. त्यांची पिल्ले मात्र भरतीबरोबर मांडवी व झुवारीच्या खाड्यांत शिरतात. उथळ पाणी, खारफुटीच्या मुळांचा आडोसा आणि विपुल सूक्ष्म खाद्य यांमुळे या खाड्या म्हणजे माशांची संगोपनगृहेच होत. चोडण बेटावरील खारफुटीत १९८८ साली पक्षी अभयारण्य झाले. त्यात माशांचेही हित साधले गेले, हे क्वचितच सांगितले जाते.

येथील जीवन मुळातच कष्टाचे. भरती-ओहोटीबरोबर पाण्याचा खारेपणा बदलतो आणि शरीरातील क्षारांचा समतोल राखण्यात पिल्लांची बरीच शक्ती खर्च होते. त्यावर माणसाने लादलेला भार पडतो. सांडपाणी कुजताना पाण्यातील प्राणवायू घटतो. खाणी व बांधकामे यांवरून वाहून आलेली माती कल्ल्यांवर बसते. अशा वेळी पिल्लांच्या रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. ते दीर्घकाळ वाढलेले राहिले, की भूक मंदावते, रोगप्रतिकारशक्ती क्षीण होते व वाढ खुंटते. मेलेले मासे तरंगताना दिसत नाहीत, म्हणून सारे आलबेल आहे, असा समज होतो. वास्तविक वाढ खुंटलेले पिल्लू मोठ्या माशाच्या घशात मावण्याइतके लहान अधिक काळ राहते, आणि कोणाच्या नकळत नाहीसे होते.

जी पिल्ले यातून तगतात, त्यांतील कित्येक खाजन बांधाच्या मानशीपाशी संपतात. ओहोटीचे पाणी बाहेर पडताना तेथे बारीक आसाचे जाळे लावले, तर बोटाएवढे मासेही सुटत नाहीत. चोणकाच्या बाबतीत ही हानी विशेष मोठी. हा मासा आरंभी नर असतो व वय वाढल्यावर त्याची मादी होते. लहानपणीच पकडलेल्या चोणकापासून अंडी मिळण्याचा प्रश्नच उरत नाही. समुद्रातील बंदी येथे उपयोगी पडत नाही. मानशीला मोठ्या आसाचे जाळे लावणे हे खाजनधारकांच्या हाती आहे, तर सांडपाणी शुद्ध करूनच खाडीत सोडणे हे नगरपालिकांच्या.