जानेवारी, जुलै आणि मधले महिने

आमच्या चौदा मजली इमारतीत प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या कोपऱ्यात लाल रंगाचा एक जाडजूड नळ आहे. त्याला लँडिंग व्हॉल्व्ह म्हणतात, हे मला इथे राहायला येऊन अकरा वर्षे झाल्यावर कळले. २००९ साल होते. सोसायटीच्या कमिटीवर मी नुकताच आलो होतो आणि अग्निसुरक्षेची तपासणी करायला एका एजन्सीची दोन माणसे आली होती. त्यांनी चौदाव्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह उघडला. आधी फस्सकन हवा आली, मग गंजाचे तांबूस पाणी ठिबकले आणि तेही थांबले. शेजारच्या होज बॉक्समध्ये पितळी नोझल नव्हते. रद्दीचे भेंडोळे आणि कुणाची तरी मोडकी छत्री होती. खाली पंपरूममध्ये गेलो तर पॅनेलचा स्विच ‘ऑटो’वरून ‘ऑफ’वर फिरवलेला. पाइपात कुठेतरी गळती होती, त्यामुळे छोटा जॉकी पंप रात्री-अपरात्री सुरू व्हायचा आणि तळमजल्यावरच्यांची झोपमोड व्हायची. म्हणून तो बंद केला होता. किती वर्षांपूर्वी, ते कुणालाच आठवेना.

मी मुंबईतल्या अग्निसुरक्षेच्या नियमांकडे पाहायला लागलो तो त्या दिवसापासून. त्याला आता दीड दशक उलटून गेले आहे.

तोपर्यंत आग म्हणजे १०१ फिरवायचा आणि बंबाची वाट पाहायची, एवढीच आम्हा रहिवाशांची समजूत होती. या शहराने अग्निशमन दलावर पूर्वीपासून असाच भार टाकला आहे आणि दलाने तो जिवावर उदार होऊन पेलला आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजाने पेट घेतला. पोटात कापूस आणि दारूगोळा शेजारी शेजारी होता. स्फोट झाले तेव्हा विझवायला गेलेले दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा. तो अमलात आला डिसेंबर २००८मध्ये, आणि पुढच्या वर्षी नियम आले. या कायद्याने एक मोठी गोष्ट केली. इमारतीतली आग प्रतिबंधक यंत्रणा बसवणे आणि ती सदैव चालू स्थितीत ठेवणे ही जबाबदारी त्याने मालक आणि भोगवटादार यांच्यावर टाकली. म्हणजे आमच्यावर. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून ‘नमुना ब’मधले प्रमाणपत्र अग्निशमन दलाला द्यायचे. कसूर झाली तर नोटीस, आणि गंभीर धोका दिसला तर वीज-पाणी तोडण्यापर्यंतचे अधिकार.

सोसायट्यांनी हा कायदा लवकर पचवला, पण चुकीच्या रीतीने. प्रमाणपत्र हीच सुरक्षा, असे समीकरण झाले. आमच्याकडे एक वर्ष असे गेले की एजन्सीचा माणूस ऑफिसात चहा पिऊन, जिन्याची एकही पायरी न चढता कागद देऊन गेला आणि आम्ही तो फाइलला लावला. सही माझीच होती. त्याची खंत मला आजही आहे.

मग ९ मे २०१५ उजाडला. काळबादेवीतल्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली आणि विझवता विझवता ती कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी ढिगाऱ्यात गेले. प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर आणि सुधीर अमीन गंभीर भाजले, नंतर रुग्णालयात त्यांचाही मृत्यू झाला. एका दलाचे चार वरिष्ठ अधिकारी एका आगीत गेले. त्या पंधरवड्यात आमच्या सभेत पहिल्यांदा खर्चावर वाद झाला नाही. गळका पाइप बदलला, पंपाचा स्विच ‘ऑटो’वर आला.

२२ ऑगस्ट २०१८ला परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर आग लागली. चार जण गेले. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नव्हते, हे त्यानंतर सगळ्यांना कळले. पण त्याच इमारतीतल्या दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकलेले आठवून शेजाऱ्यांना सुती कापडाचे ओले तुकडे दिले, नाका-तोंडावर धरायला लावले आणि मदत येईपर्यंत घाबरू दिले नाही. सतरा जण वाचले. आगीत माणूस बहुतेक वेळा ज्वाळेच्या आधी धुराने गुदमरतो, हे त्या मुलीला ठाऊक होते. आम्हा मोठ्यांना ठाऊक नव्हते.

ऑक्टोबर २०२१मध्ये करी रोडच्या आग लागलेल्या उंच टॉवरमधून एक सुरक्षारक्षक खाली पडून गेला. जानेवारी २०२२मध्ये ताडदेवला वीस मजली इमारतीच्या अठराव्या मजल्यावरच्या आगीने अनेकांचा बळी घेतला. आणि ६ ऑक्टोबर २०२३च्या पहाटे गोरेगावच्या जय भवानी या पुनर्वसन इमारतीत तळाशी आग लागली. तिथे गाड्या होत्या, कपड्यांचे गठ्ठे होते. आग खालीच होती, धूर मात्र वर चढला, आणि ज्या जिन्याने उतरायचे त्याच जिन्याने चढला. किमान सात माणसे गेली.

या सगळ्या घटनांचा विचार केला की मला आमचाच जिना आठवतो. नियम मोठे आहेत, पण ते पाळले जातात किंवा मोडले जातात ते जिन्यात. चपलांचे कपाट, मुलाची लहान झालेली सायकल, दिवाळीनंतर बाहेर काढून ठेवलेली गादी. ‘दोन दिवसांत हलवतो’ म्हणून ठेवलेली वस्तू दोन वर्षे राहते. इलेक्ट्रिक डक्टमध्ये झाडू, रंगाचे डबे, जुनी वर्तमानपत्रे. हा डक्ट प्रत्येक मजल्याच्या स्लॅबपाशी नीट बंद केलेला नसेल, तर तो म्हणजे इमारतीच्या पोटातली चिमणीच. आठव्या मजल्यावरची रेफ्यूज एरिया, जिथे सुटका होईपर्यंत माणसांनी उभे राहायचे, तिथे आमच्याकडे कित्येक वर्षे डेकोरेटरच्या खुर्च्या होत्या. गच्चीला कुलूप आणि किल्ली सेक्रेटरींच्या घरात. सेक्रेटरी गावाला गेले तर काय, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

यातल्या पुष्कळ गोष्टी आज सुधारल्या आहेत. गच्चीची एक किल्ली वॉचमनच्या केबिनमध्ये लटकते. खुर्च्या गेल्या. एप्रिलच्या सप्ताहात आम्ही सराव घेतो. लाल सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना हे बघायचे, पिन ओढायची, फवारा ज्वाळेच्या शेंड्यावर नाही तर बुडाशी मारायचा, हे आता घरकामाला येणाऱ्या बायकांनाही येते. लिफ्ट वापरायची नाही, बाहेर धूर असेल तर दार बंद करून फटीला ओला टॉवेल लावायचा, हे मुले पाठ म्हणून दाखवतात. पहिल्या सरावात अकराव्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “अरे, पण मला उतरवणार कोण?” तेव्हापासून ज्यांना उतरता येत नाही त्यांची यादी आणि प्रत्येकासाठी दोन शेजाऱ्यांची नावे केबिनमध्ये लावलेली आहेत. ही यादी कुठलीही एजन्सी करून देत नाही.

काही गोष्टी मात्र अजून तशाच आहेत. खिडकीबाहेरच्या ग्रिलला उघडणारी झडप ठेवा, ही साधी सूचना अर्ध्या घरांनी मानलेली नाही. चोराची भीती रोज वाटते, आगीची वाटत नाही. आणि आता पार्किंगमध्ये ई-बाइक रात्रभर चार्जिंगला लागतात, एक्स्टेन्शन बोर्डाला आणखी एक बोर्ड जोडून.

कायदा आमच्याकडे वर्षातून दोनदा विचारणा करतो. त्याने विचारले नसते तर तो व्हॉल्व्ह कोरडाच राहिला असता, म्हणून या कायद्याविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे. पण जानेवारी आणि जुलै यांच्या मधल्या महिन्यांत विचारणारे कुणी नसते. ते काम आपले आहे.

गेल्या जुलैच्या तपासणीत चौदाव्या मजल्यावर व्हॉल्व्ह उघडला तेव्हा होज ताठ झाला आणि धरायला दोन माणसे लागली. गच्चीवरून पाण्याचा फवारा पलीकडच्या गुलमोहरावर पडला. मी तिथून जिन्यानेच खाली आलो, दर महिन्याच्या एक तारखेला येतो तसा, प्रत्येक मजला बघत. सहाव्या मजल्यावर एक सायकल होती. मी बेल वाजवली. मुलाच्या आईने दार उघडले, सायकलकडे पाहिले आणि मी काही बोलायच्या आत ती उचलून आत नेली.