लहानसहान म्हणून सोडून दिलेलं

पोळ्या गरम असतात तेव्हा पाटावर कोण बसतं आणि तव्यापाशी कोण उभं असतं, एवढं पाहिलं तरी घरातली उतरंड कळते. आधी पुरुष आणि मुलं, मग सासूबाई, सगळ्यांत शेवटी जिने स्वयंपाक केला ती. तोवर आमटी निवलेली असते, भाजी तळाला गेलेली असते. सकाळची उरलेली भाकरी तिच्याच ताटात येते, कारण 'टाकवत नाही'. असं जेव म्हणून तिला कुणी बजावलेलं नसतं. तिने आईला तसंच जेवताना पाहिलेलं असतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पुरुषांमध्ये हे प्रमाण 25 टक्के होतं. पाळी, बाळंतपणं ही शारीरिक कारणं त्यामागे आहेतच. पण घरातलं दूध, अंडं, पालेभाजी आधी कुणाच्या ताटात जाते, याचाही त्याच्याशी संबंध आहे.

हुंडा, मारहाण, विनयभंग यांच्यासाठी कायद्यात कलमं आहेत. रोजच्या दुजाभावाला कलम नाही. त्यातली एकेक गोष्ट सुटी काढून पाहिली तर इतकी किरकोळ दिसते की तिच्याबद्दल बोलणारी बाईच 'फार ताणते' असं ठरतं. अडचण अशी की या किरकोळ गोष्टी एकाच व्यक्तीच्या वाट्याला, रोज, जन्मल्यापासून येत राहतात. आपली किंमत काय, आपण किती जागा घ्यायची, कुठे आवाज चढवायचा आणि कुठे गिळायचा, हे ती त्यांतूनच शिकते.

सुरुवात पाळण्यापासून होते. सातारा जिल्ह्यात दुसरी-तिसरी मुलगी झाली की तिचं नाव 'नकुशी' किंवा 'नकुसा' ठेवायची रीत अनेक कुटुंबांत होती. नाव तसं ठेवलं की पुढचा मुलगा होतो, अशी समजूत. मुलगी शाळेत जायची, हजेरीत रोज तेच नाव पुकारलं जायचं आणि ती रोज 'हजर' म्हणायची. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये जिल्हा प्रशासनाने अशा 285 मुलींचं एकाच समारंभात नव्याने नामकरण केलं. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. सावित्रीबाई फुल्यांचं नायगाव याच जिल्ह्यातलं. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे 894 मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या 913 होत्या. बीड जिल्ह्यात आकडा 807 वर आला होता.

ज्यांचं नाव लाडाने ठेवलं जातं त्यांच्याही कानांवर काहीबाही पडत असतंच. 'मुलीच्या जातीने असं हसू नये.' 'दादाला पाणी दे.' 'परक्याच्या घरी जायचंय, हे चालणार नाही.' 2017 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या पाच ते सात वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 'खूप खूप हुशार' माणूस कोण, असं विचारल्यावर पाच वर्षांचे मुलगे आणि मुली दोघेही आपापल्या बाजूचं चित्र निवडत होते. सहा वर्षांच्या मुलींमध्ये हे प्रमाण घसरलेलं होतं, आणि 'फार हुशार मुलांसाठीचा खेळ' म्हटलं की त्यांचा रसही कमी होत होता. तो देश वेगळा, घरं वेगळी. पण वय पाहिलं तर आपल्याकडे ते पहिलीचं आहे. मुलगी धड जोडाक्षरं लिहायला लागायच्या आधीच बुद्धीचा मान कुणाचा, हे तिच्या मनात पक्कं होऊ लागतं.

बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकातली चित्रं बदलली ती यासाठीच. नव्या पुस्तकात आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दिसतात, डॉक्टरच्या जागी बाई आहे, स्वयंपाक करणारा पुरुष आहे. त्यावर चर्चा झाली, कौतुक झालं. भाजी निवडणाऱ्या पुरुषाचं चित्र ही वर्तमानपत्राची बातमी व्हावी, यावरून ते दृश्य घरात किती विरळा होतं ते कळतं.

त्या विरळेपणाचा हिशेब राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने मांडला आहे. 2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण झालं. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे, आणि त्या त्या अर्ध्या तासात काय केलं याची नोंद. घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जात होती. जे पुरुष घरकाम करतात त्यांची 97. आणि असे पुरुष होतेच मुळी शंभरात 26, स्त्रिया 81. हेच सर्वेक्षण 2024 मध्ये पुन्हा झालं. स्त्रियांची मिनिटं 289 वर आली. वाटलं असतं, पुरुषांनी भार उचलला. पण पुरुषांचीही 97 वरून 88 झाली होती. म्हणजे दोघांमधलं अंतर पाच वर्षांत 202 मिनिटांवरून 201 वर आलं. एकंदर काम थोडं हलकं झालं, पण ते कुणाचं आहे याबद्दलची समजूत जागची हलली नाही.

एवढं करणाऱ्या बाईला 'काय करता?' विचारलं की ती 'काही नाही, घरीच असते' म्हणते. तिने हे उत्तर हवेतून काढलेलं नाही. 2001 च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत, अनुत्पादक गटात बसवलं होतं. अपघातात गेलेल्या एका गृहिणीच्या नुकसानभरपाईचा खटला 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, तेव्हा न्यायालयाने या वर्गवारीवर कडक ताशेरे ओढले. बाई मेल्यावर तिच्या कामाचं मोल रुपयांत काढावं लागलं, म्हणून तो प्रश्न तिथवर पोचला. जिवंतपणी तो घरात कुणी काढत नाही.

लग्न झालं की ही शिकवण अंगावर दिसायला लागते. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहायचं. आडनाव तर बदलतंच, काही घरांत पहिलं नावही बदलतं. वीस-पंचवीस वर्षं ज्या हाकेला ओ दिली ती हाक माहेरी ठेवून यायची. मंगळसूत्र, जोडवी, कुंकू. हौसेने घालणाऱ्या पुष्कळजणी आहेत आणि त्यांची हौस खरी आहे. प्रश्न नवरा गेल्यावर उभा राहतो, कारण त्या दिवशी हौस विचारात घेतली जात नाही. बांगड्या फोडल्या जातात, कुंकू पुसलं जातं, हळदीकुंकवाची बोलावणी थांबतात. मुलाच्या लग्नात आईच मागे उभी राहते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने 4 मे 2022 रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. हे घडायला 2022 उजाडावं लागलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' प्रसिद्ध केली ती 1882 मध्ये, तीही सुरतेच्या एका तरुण विधवेच्या खटल्याने संतापून. मध्ये 140 वर्षं गेली.

घराबाहेरचे नियमही कुठे लिहिलेले नसतात, पण पाठ असतात. रिक्षात बसल्यावर नंबरचा फोटो पाठवायचा. शेवटच्या लोकलला कुठला डबा, ते आधी ठरवायचं. लांब जायचं असलं की निघताना पाणी प्यायचं नाही, कारण वाटेत स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नाही. मुंबईत 'राइट टू पी' मोहीम उभी राहिली ती याच एका गरजेवर; पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, हा प्रकार तिने चव्हाट्यावर आणला. आणि बाहेर पडायला मिळणं तरी कितीजणींच्या हातात आहे? पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बाजार, दवाखाना आणि गावाबाहेर अशा तिन्ही ठिकाणी एकटीने जाण्याची मुभा फक्त 42 टक्के स्त्रियांना होती.

नोकरीच्या दारातही तेच. 1974 मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं छापलेलं पाहून सुधा कुलकर्णी नावाच्या विद्यार्थिनीने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं, आणि नोकरी मिळवली. त्या आजच्या सुधा मूर्ती. अशी ओळ आज कुणी छापणार नाही. पण 2020 मध्ये सैन्यातल्या स्त्री अधिकाऱ्यांच्या खटल्यात, ग्रामीण भागातून आलेले जवान बाईचा हुकूम मानायला मनाने तयार नाहीत, असा मुद्दा सरकारतर्फे सर्वोच्च न्यायालयात मांडला गेला. न्यायालयाने तो फेटाळला. ज्या बायकांनी तो बसून ऐकला त्या वर्षानुवर्षं गणवेशात काम करत होत्या.

या सगळ्याचा सर्वांत खोल परिणाम दुसऱ्या एका आकड्यात दिसतो. काही कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे का, असं त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विचारलं गेलं. न सांगता बाहेर गेली, मुलांकडे दुर्लक्ष केलं, सासरच्यांचा मान ठेवला नाही, अशी ती कारणं. 44 टक्के पुरुषांनी त्यांतल्या एका तरी कारणासाठी होकार दिला. स्त्रियांमध्ये हे प्रमाण 45 टक्के होतं.

हा आकडा वाचून 'बायकाच बायकांच्या शत्रू' म्हणणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. जी शेवटी जेवली, जिच्या कामाला काम म्हटलं गेलं नाही, जिला दवाखान्यातही विचारून जावं लागलं, तिने मार खाणंही रीतीतलंच धरलं. तिची स्वतःबद्दलची किंमत तिच्या आजूबाजूच्यांनीच ठरवून दिली होती. हेच पुढे शिकलेल्या, कमावत्या बाईतही उतरतं. बैठकीत बोलण्याआधी ती 'चुकत असेन तर सांगा' म्हणते. बढतीचा अर्ज भरण्याआधी घरी विचारते. स्वतःसाठी साडी घेतली तर किंमत कमी सांगते.

मग हे बदलतं कसं? आजवर जिथे बदललं, तिथे कुणीतरी लहान वाटणारी गोष्ट उचलून तिचा नियम केला. साताऱ्यात हजेरीपट बदलला, हेरवाडला ठराव झाला, बालभारतीने चित्र बदललं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 1990 च्या सुमाराला लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, तेव्हा शेतकऱ्यांनी आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. सातबाऱ्यावर तिचं नाव चढलं. उपदेशाने जे होत नव्हतं ते कागदावरच्या एका ओळीने झालं.

राज्य मंत्रिमंडळाने मार्च 2024 मध्ये घेतलेला निर्णय याच वाटेवरचा आहे. ठरलेल्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं. शाळेच्या दाखल्यावर आई आली, ही मोठी गोष्ट आहे. पण त्याच निर्णयात विवाहित स्त्रीसाठी जुनी पद्धत कायम ठेवली आहे: तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. लग्नाआधीचं नाव लावण्याची मुभा मालमत्तेच्या कागदांपुरती आहे. शाळेत आईचं नाव लिहायला शिकणारी मुलगी लग्न करेल, तेव्हा तिच्या कागदांवरून आई पुन्हा जाईल. निर्णयात ही एक तरतूद बदलायला फार पैसा लागत नाही आणि त्या मुली लग्नाच्या वयात यायला अजून काही वर्षं आहेत. सरकारने ती तोवर बदलावी.