समुद्राचें मुद्दल

एखादी गोष्ट अगदींच क्षुल्लक आहे असें सांगावयाचें झालें म्हणजे आपण ‘दर्यामें खसखस’ म्हणतों. दर्या अपार आहे, ही समजूत या म्हणण्याच्या मुळाशीं आहे; आणि ती आपल्याच वाडवडिलांची होती असेंहि नाहीं. लंडन येथें १८८३ सालीं भरलेल्या मत्स्यप्रदर्शनाच्या प्रसंगीं टॉमस हक्स्ले या नामांकित शास्त्रज्ञानें, त्या काळच्या मासेमारीच्या पद्धती पाहतां कॉडसारखी समुद्रांतील मासळी बहुधा अक्षय्य आहे, असें मत दिलें होतें. पद्धती पालटल्या आणि तें मत खोटें ठरलें. तें कसें, ही हकीकत आम्ही आज वाचकांस सादर करीत आहों.

कॅनडाच्या पूर्वेस न्यूफाउंडलंड नांवाचें मोठें बेट आहे. १४९७ सालीं जॉन कॅबट हा दर्यावर्दी तिकडे जाऊन आला, तेव्हां तेथील समुद्रांत नुसती टोपली बुडवून कॉड मासे वर काढतां येतात, अशी वार्ता युरोपांत पसरली. पुढें साडेचारशें वर्षें लहान होड्या, गळ व साधीं जाळीं यांवर किनाऱ्यावरील गांवें नांदलीं. खारवून वाळविलेला कॉड हेंच त्यांचें पीक व हेंच त्यांचें चलन होतें.

१९५० नंतर युरोपांतील निरनिराळ्या राष्ट्रांचीं प्रचंड जहाजें तेथें येऊं लागलीं. मासे कोठें आहेत हें ध्वनीच्या साह्यानें शोधावें, अवाढव्य जाळें ओढून ते धरावे आणि जहाजावरच गोठवून ठेवावे, अशी त्यांची व्यवस्था होती. अगस्तीनें एका आचमनांत समुद्र प्राशन केल्याची कथा आपण लहानपणीं ऐकतों; हे नवे अगस्ती रात्रंदिवस आचमन करीत होते. १९६८ सालीं सुमारें आठ लक्ष टन कॉड काढला गेला. त्यानंतर मासळी झपाट्यानें घटली, तेव्हां १९७७ सालीं कॅनडानें किनाऱ्यापासून दोनशें मैलांपर्यंतचा समुद्र आपल्या ताब्यांत घेतला. परकी जहाजें बहुतेक गेलीं. पण त्यांची जागा स्वदेशी जहाजांनीं घेतली. लोभास परदेशचें वा स्वदेशचें असें निराळें निशाण नसतें!

आतां शास्त्राची चूक कोठें झाली तें पाहूं. मोठ्या जहाजांच्या जाळ्यांत मासळी भरपूर येत होती, म्हणून समुद्रांतहि ती भरपूर असावी, असा अंदाज बांधला गेला. वस्तुतः कॉड थोडे उरले तरी दाट थवे करून राहतात, आणि यंत्रें नेमके तेच थवे शोधून काढतात. कणगीच्या तळाशीं असलेल्या भोकांतून धान्य काढणारास वर किती उरलें हें दिसत नाहीं. धार शेवटच्या पायलीपर्यंत तशीच पडत असते. किनाऱ्याजवळ होडी घालणारे कोळी मात्र मासे कमी झाले, लहान झाले, असें १९८० नंतर वारंवार सांगत होते. त्यांच्या बोलण्यास कागदोपत्रीं आधार नव्हता, म्हणून तें मागें पडलें. पुढें शास्त्रज्ञांनाहि आपली चूक उमगली आणि १९८९ सालासाठीं सुमारें सव्वा लक्ष टनांची मर्यादा त्यांनीं सुचविली. पण रोजगार बुडेल या भीतीनें सरकारनें दोन लक्ष पस्तीस हजार टनांस परवानगी दिली.

जो रोजगार राखावयाचा, तोच यामुळें बुडाला. २ जुलै १९९२ रोजीं खात्याचे मंत्री जॉन क्रॉस्बी यांनीं कॉडच्या मासेमारीवर बंदी जाहीर केली. ते स्वतः न्यूफाउंडलंडचेच सुपुत्र! सुमारें तीस हजार माणसें एका निर्णयानें निरुद्योगी झालीं. मासळी कापणाऱ्या कारखान्यांतील बायकाहि त्यांत आल्या. तरुण मंडळी पोटासाठीं दूर गेली, आणि गांवांत म्हातारीं माणसें व उपड्या घातलेल्या होड्या राहिल्या. बंदी दोन वर्षांची म्हणून सांगितली होती. ती बत्तीस वर्षें टिकली. कारण कॉड वयांत यावयास पांच-सात वर्षें लागतात, विपुल अंडीं घालणाऱ्या जुन्या माद्या आधींच नाहींशा झाल्या होत्या, आणि त्यांचें खाद्य असलेली कॅपलिन नांवाची लहान मासळीहि घटली होती. १९९२ च्या आधीं समुद्राचें पाणी फार थंड झालें हेंहि एक कारण सांगतात; परंतु अशीं थंड वर्षें पूर्वींहि आलीं व गेलीं असलीं पाहिजेत, तेव्हां गांठीं शिल्लक होती, ही गोष्ट विसरतां येत नाहीं. अखेर २०२४ सालीं अठरा हजार टनांपुरती मासेमारी पुन्हां सुरू झाली, आणि तीहि घाईची आहे असें पुष्कळ जाणत्यांचें मत पडलें.

आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं मासळी शिजत नाहीं. त्यांस हा प्रश्न परका वाटेल. परंतु व्याजावर संसार करावा व मुद्दलास हात लावूं नये, हा धडा आपल्या घरांतील वडील माणसांनीं आपणांस दिलेलाच आहे. एकत्र कुटुंबाची मिळकत सर्वांची असते. पण तिची राखण करणारा कोणी नसला, तर ती कोणाचीच राहत नाहीं. कोणत्याहि राष्ट्राच्या मालकीच्या नसलेल्या खोल समुद्राच्या रक्षणासाठीं २०२३ सालीं संयुक्त राष्ट्रांत करार संमत झाला, त्याचें मर्म हेंच आहे. आपल्या कोंकण किनाऱ्यावरील कोळी नारळी पौर्णिमेस सागरास नारळ वाहिल्यावांचून होडी लोटीत नसत. पावसाळ्यांतील मासेमारीची सरकारी बंदी त्याच संयमाचा कायदा आहे. हा संयम वेळींच स्वीकारला तर तें व्रत होतें. उशीर झाला तर तीच उपासमार होते. न्यूफाउंडलंडच्या लोकांस ही निवड करण्याची संधि मिळाली होती. आपणांस ती अजून आहे.