नोंदवही उघडी हवी

निजाम सिकंदर जाह याच्या नावाने १८०६ साली वसलेले सिकंदराबाद हे मुळात इंग्रजी फौजेच्या तळाचे गाव. तळाभोवतीची जमीन कोणाची, हे विचारण्याची प्रजेला तेव्हा सोय नव्हती. परकी फौज गेली. विचारणाऱ्याची अडचण मात्र पुरती सरली नाही.

छावणीतील जमिनीची मालकी, वर्ग आणि वापर ‘जनरल लँड रजिस्टर’मध्ये नोंदलेला असतो. नागरी वस्तीपुरती ही वही छावणी मंडळाकडे, उरलेली संरक्षण संपदा अधिकाऱ्याकडे. घराला एक खोली वाढवू पाहणाऱ्याने प्रथम कोणते दार ठोठवावे, येथूनच त्याचे हेलपाटे सुरू होतात. लष्करी विभागातील रस्त्यांचा प्रश्न तर जुनाच. देशभरच्या छावण्यांतील बंद रस्ते खुले करण्याचा आदेश संरक्षण मंत्रालयाला २०१८ साली काढावा लागला, यातच सारे आले.

सैन्याच्या सुरक्षिततेविषयी दुमत नाही. नाक्यावर पास मागितला, तर तो दाखवावा. परंतु पास कोणाला, किती मुदतीचा आणि कोठे मिळतो, हे गुपित कशासाठी? अशी माहिती मागण्यापूर्वीच प्रसिद्ध करण्याचे बंधन २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने कचेऱ्यांवर घातले आहे.

एक-चौदाच्या उताऱ्यासाठी खेपा घातलेल्या गोमंतकीयाला हे दुःख परके नाही. प्रत्येक भूमी कचेरीच्या दारी कागद, शुल्क व मुदत सांगणारा फलक लागावा. स्वराज्यात नागरिक दाराशी येतो तो याचक म्हणून नव्हे. जमिनीचा धनी म्हणून येतो.