ऊन पाण्यांतील उपकारकर्ता

उष्णतेनें जंतूंचा नाश होतो, हें आपणांस नित्य परिचयाचें आहे. घरोघर दूध तापवितात तें याचसाठीं. परंतु सृष्टीचा नियम सरसकट मांडतांना जपावें लागतें, हें अमेरिकेंतील यलोस्टोन येथील ऊन पाण्याच्या झऱ्यांनीं दाखवून दिलें आहे.

हा प्रदेश तेथील सरकारनें १८७२ सालीं राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवला. १९६६ सालीं थॉमस ब्रॉक हे शास्त्रज्ञ व त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनीं तेथील ‘मशरूम स्प्रिंग’ या झऱ्यांतून एक सूक्ष्म जंतु मिळविला. सुमारें ७० अंश सेंटिग्रेड उष्णतेंत तो उत्तम वाढतो! १९६९ सालीं ‘थर्मस अॅक्वाटिकस’ असें त्याचें नामकरण झालें, आणि त्याचे नमुने एका जंतुसंग्रहांत इतर संशोधकांसाठीं जतन करण्यांत आले.

अशा जंतूचा उपयोग तो काय, असें कोणी विचारील. प्रत्येक जीवाच्या आनुवंशिक गुणांची जणूं पोथीच असें डी.एन.ए. नांवाचें द्रव्य त्याच्या पेशींत असतें. तिच्या हव्या त्या पानाच्या असंख्य प्रती काढण्याची युक्ति १९८३ सालीं कॅरी मुलिस यांना सुचली. मात्र दर फेरीस डी.एन.ए.चे दोन पदर विलग करण्यास तें सुमारें ९५ अंशांपर्यंत तापवावें लागे, आणि नक्कल करणारें विकर, म्हणजे एन्झाइम, त्या तापांत निकामी होई. प्रत्येक वेळीं नवें विकर घालावें लागे! तेव्हां ऊन पाण्यांतील जंतु उपयोगीं पडला. त्याचें ‘टॅक पॉलिमरेज’ हें विकर १९७६ सालींच वेगळें काढलेलें होतें. तें या तापांतही टिकलें. दर फेरीस प्रती दुप्पट होतात. म्हणजे हिशेबानें तीस फेऱ्यांत एकीच्या शंभर कोटींहून अधिक!

मुलिस यांस १९९३ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. २०२० च्या कोरोनाच्या सांथींत ज्या ‘आर.टी.-पी.सी.आर.’ चांचणीचें नांव आबालवृद्धांच्या तोंडीं झालें, तिच्या मुळाशीं हीच युक्ति होती.

अमुक विषय शिकून मुलास काय मिळणार, हा प्रश्न आपल्या घरांत वडीलमंडळी प्रथम विचारतात. तो विचारूं नये असें नाहीं. परंतु १९६६ सालीं तो ब्रॉक यांस विचारला असता, तर या चांचणीचें नांव त्यांस खचितच सांगतां आलें नसतें. उत्तर मिळण्यास वीस वर्षें लागलीं; आणि तें मिळालें, कारण तोंवर कोणी तो झरा राखला होता, व कोणी तो जंतु.