लॅबिरिंथायटिस म्हणजे काय? चक्कर आली तर आधी ऐकू येतंय का ते बघा

केसपेपरवर 'लॅबिरिंथायटिस' असं लिहून मिळतं आणि घरी आल्यावर माणूस विचारात पडतो, की मला नेमकं झालंय काय? आज आपण हा एकच शब्द घेऊ.

शब्दाचा शेवट ओळखीचा आहे. टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस यांतलं 'आयटिस' म्हणजे दाह, सूज. आता 'लॅबिरिंथ'. ग्रीक पुराणकथेत क्रीटच्या मिनोस राजाने मिनोटॉर राक्षसाला कोंडायला भूलभुलैया बांधवून घेतला, त्याचं हे नाव. आपल्या कानाच्या आत, हाडात, अशीच वळणावळणाची पोकळी आहे. तिलाही तेच नाव मिळालं. थोडक्यात, लॅबिरिंथायटिस म्हणजे आंतरकर्णाचा दाह.

या भूलभुलैयात दोन बिऱ्हाडं राहतात. एक शंखासारखं वेटोळं, ते ऐकण्याचं. दुसऱ्यात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन छोट्या पिशव्या, ते तोल सांभाळण्याचं. दोन्ही एकमेकांना जोडलेली आहेत, आत द्रव भरलेला आहे. म्हणून इथे सूज आली, की ऐकणं आणि तोल दोन्ही बिघडतात.

चक्कर का येते? डावा आणि उजवा कान म्हणजे बैलजोडी समजा. दोघं सारख्या जोराने ओढतात तोवर गाडी सरळ चालते. एक बैल अचानक बसला, की गाडी वळायला लागते. तसंच एका कानाचा संदेश कमी पडला, की मेंदूला वाटतं आपण गोल फिरतोय. आपण पलंगावर पडलेलो असतो, पण खोली गरगरते, उलट्या होतात, डोळे आपोआप एका बाजूला सरकून झटक्याने परत येतात.

व्हिएन्नातल्या रॉबर्ट बारानी या डॉक्टरांना असंच एक कोडं पडलं होतं. कान धुताना पाणी गार असलं तर रुग्णाला चक्कर यायची आणि डोळे हलायचे. पाणी जास्त गरम असलं तर डोळे उलट्या दिशेने हलायचे. तापमानामुळे नलिकेतला द्रव हलतो, हे त्यांनी ओळखलं. त्यांना 1914 चं नोबेल मिळालं, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. ही पाण्याची तपासणी आजही करतात.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे 'चक्कर' या एका शब्दात सगळं येतं. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते तीही चक्कर, आणि घर फिरतं तीही चक्कर. मग घरातलं कुणी म्हणतं पित्त झालंय, कुणी म्हणतं मानेचा मणका. म्हणून डॉक्टरांना दोन गोष्टी नक्की सांगा: किती वेळ टिकते, आणि ऐकू कसं येतंय.

कूस बदलताना काही सेकंद गरगरतं आणि थांबतं? तो बहुधा कानातले सूक्ष्म खडे सरकल्याचा त्रास असतो. डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून तो बरा करता येतो. तासन्‌तास, दिवसभर गरगरतंय पण ऐकू नीट येतंय? तो बहुधा तोलाच्या नसेचा दाह. गरगरतंय आणि एका कानाने ऐकूही कमी येतंय, कानात आवाज येतोय, तर लॅबिरिंथायटिसचा विचार होतो. कारण बहुतेकदा विषाणू असतो. सर्दी-तापानंतर असं होऊ शकतं. पण जुना वाहता कान किंवा मेंदूज्वर यातूनही जंतू आत शिरतात, आणि तो प्रकार जास्त गंभीर.

इथे वेळ जातो. लोक म्हणतात, "कानाला दडे बसलेत, मळ असेल," आणि तेल घालून आठवडा काढतात. असं करू नका. एका कानाचं ऐकणं अचानक कमी झालं, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. स्टिरॉइड द्यायचं असेल तर ते जितक्या लवकर सुरू होईल तितकी श्रवण वाचण्याची आशा जास्त.

आणखी एक. चक्करेबरोबर बोलणं अडखळतंय, दोन-दोन दिसतंय, हातापायातली ताकद गेलीय, आधाराशिवाय उभंच राहता येत नाही, किंवा डोकं भयंकर दुखतंय, तर कानाचा विचार बाजूला ठेवा आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा. तो मेंदूचा झटका असू शकतो. बीपी, मधुमेह असलेल्यांनी तर जास्तच सावध राहावं.

शेवटी गोळ्यांबद्दल. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या पहिले दोन-तीन दिवस उपयोगी पडतात, पण महिनोन्‌महिने घेऊ नयेत. दुसऱ्या बैलावर गाडी सरळ चालवायला मेंदू हळूहळू शिकतो. त्यासाठी त्याला सराव लागतो: हळूहळू उठणं, चालणं, मान फिरवणं, सांगितलेले व्यायाम करणं. नुसतं पडून राहिलं, गोळीने सगळं सुन्न ठेवलं, तर हे शिकणं लांबतं.

तेव्हा पुढच्या वेळी घरात कुणी "चक्कर येतेय" म्हणालं, तर लिंबूपाणी करायला उठण्याआधी त्यांच्या दोन्ही कानांजवळ आळीपाळीने बोटं घासून बघा आणि विचारा, "दोन्हीकडे सारखं ऐकू येतंय का?" एवढ्या प्रश्नाने एखाद्याचा कान वाचू शकतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.